रिकाम्या गाडीची परीक्षा

पाय कुठे ठेवायचे हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकावं लागलं. तेही सरकारी कॅमेऱ्यासमोर, डोक्यावर सुनेचं गुलाबी हेल्मेट घालून. तोवर माझा आपला समज, की दोन लेकरं मोठी केली, एक नवरा सांभाळला, तीस-पस्तीस वर्षं या सुरतेत काढली, म्हणजे पायांचं तेवढं तरी आपल्याला कळत असेल. नाही कळत. मशीनने सांगितलं, नाही कळत.

मोपेड मी नऊ वर्षं चालवते. कशी चालवते म्हणाल, तर रिंगरोडवर सगळे चालवतात तशी. संध्याकाळी कापड मार्केटच्या कोपऱ्यावर जरा उभे राहा. मोपेड जाते, तिच्या पुढे पोटलं, मागे पोटलं, आणि मधे जागा उरली असेल तर माणूस. पोटलं म्हणजे साड्यांचं गाठोडं, शेतातल्या चाऱ्याच्या भाऱ्याएवढं. सीटच्या पुढे पाय ठेवायला जी सपाट जागा असते ना, ती कंपनीने पोटल्यासाठीच काढून दिली आहे, असं अख्ख्या सुरतेचं मत आहे. मग पाय? पाय बाहेर. एक इकडे, एक तिकडे, पोहणाऱ्या बेडकासारखे. गाडी हळू झाली की चपलांची टोकं रस्त्यावर घासत न्यायची. माझ्या चपला नेहमी बाहेरच्या कडेने झिजतात. आमचा चांभार चप्पल हातात घेऊनच विचारतो, "मार्केटचं काम का, मावशी?"

काम असं आहे. आमच्या नवागामच्या गल्लीत अकरा बाया घरी बसून साड्यांवर खडे चिकटवतात. काठाला, पदराला, एकेक करून, गमाने. मी मार्केटमधून शेठच्या साड्या आणायच्या, घरोघरी वाटायच्या, झाल्या की तपासून परत न्यायच्या. थोडक्यात, माझं काम नेणं-आणणं, आणि मधल्या वेळात बोलणी खाणं. मार्केटमधे शेठची, गल्लीत बायांची. पूर्वी मी शटल, म्हणजे शेअर रिक्षाने जायची. रिक्षावाला पोटल्याला माणूस धरायचा आणि मला सामान. मग सुनेला सचिन नावाच्या कारखान्यांच्या भागात नोकरी लागली, ती कंपनीच्या बसने जायला लागली, तिची मोपेड दारात धूळ खात पडली. मी म्हटलं, ही माझी.

शिकले मी एका दिवसात. आता ही फुशारकी तुम्हाला पुढे उपयोगी पडेल, म्हणून लक्षात ठेवा. पहिल्या दिवशी आधी गाडीवर पोटलं ठेवलं आणि मग मी बसले. जाताना झालेल्या साड्या, येताना नव्या. नऊ वर्षांत मी गाडी एकदाही रिकामी चालवली नाही. रिकामी कशाला चालवायची? हवा खायला? आमच्यात कुणी हवा खायला पेट्रोल जाळत नाही.

लायसन्स काढलं नव्हतं. कुणी विचारलं नाही, मी कुणाला आपणहून सांगितलं नाही. चांगलं चाललं होतं दोघांचं, माझं आणि सरकारचं.

मग एक दिवस मार्केटच्या गेटवर नवा बोर्ड लागला. वर हिंदी, खाली गुजराती. गुजराती मी दुकानांच्या पाट्या वाचून शिकले, त्यामुळे ज्या गोष्टी वाचून त्रास होतो त्या मला बरोबर वाचता येतात. एक तारखेपासून माल नेणाऱ्या गाडीला गेटपास लागेल. पास हवा तर लायसन्स दाखवा. गेटवरचा वॉचमन आठ वर्षं माझ्या हातची बोरं, भुईमुगाच्या शेंगा खातो; पण त्या दिवशी असा उभा राहिला, जसं मला जन्मात पाहिलं नाही.

"लायसन्स, मासी?"

"काय रे, माझं तोंड विसरलास का?"

"तोंड चालत नाही मासी आता. कार्ड चालतं."

शेठकडे गेले. शेठ माणूस वाईट नाही, फक्त बोलताना डोळे कापडावरून उचलत नाही. म्हणाला, "मासी, एक तारीख पछी पास वगर गाडी अंदर नहीं आवे. नियम मारो नथी." नियम कधीच कुणाचा नसतो, हे मी या शहरात शिकले. मी विचारलं, नाही जमलं तर? शेठने साडीची घडी मोडली, परत घातली. पलसाण्याकडची एक बाई आहे म्हणाला, तिच्याकडे टेम्पो आहे, ड्रायव्हर आहे, ती काम मागतेय. बस्. आणि परत कापड बघायला लागला.  माझं काम गेलं की अकरा जणींचं गेलं. त्यातल्या सात-आठ जणी अशा, की घराबाहेर कामाला जायची त्यांना सोय नाही. कुणाच्या पदराला लहान लेकरू, कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली. खडे चिकटवणं हेच त्यांचं घराबाहेर पडणं.

एक तारखेला दोन महिने होते. मी मनात म्हटलं, नऊ वर्षं चालवलेली गाडी, लायसन्स काय दोन महिने काढायची गोष्ट आहे? दोन दिवसांत आणते.

घरी सांगितलं. आमचे मालक बत्तीस वर्षं लूमवर होते, त्यामुळे त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि तो ते सगळ्या गल्लीला ऐकवतात. म्हणाले, "तुले कसाले जोयजे लायसन? या वयमा?"

मी म्हटलं, "मार्केटला जायला."

"मग मी काय म्हनस, चालत जा ना!"

या माणसाने जन्मात सायकलशिवाय काही चालवलं नाही, आणि सायकलसुद्धा उताराला हातात धरून नेतो. पण गाडी या विषयावर त्यांचं मत पक्कं आहे. मागे बसलेल्या माणसांचं पक्कंच असतं.

आधी शिकाऊ लायसन्सची परीक्षा. ती कॉम्प्युटरवर, चिन्हं ओळखायची. सुनेने आठ दिवस रात्रीच्या जेवणाआधी तयारी करून घेतली. ती सुरतेतच वाढली, तिची भाषा अर्धी गुजराती, अर्धी फोनची. "आई, टेन्शन नही लेवानुं, फक्त बोर्ड जोईने जवाब आपवानो." एक चिन्ह भोंग्यावर काट मारलेलं. हॉर्न वाजवू नये. मी सुनेला म्हटलं, हे चिन्ह कुठल्या देशातलं आहे? ती म्हणाली, आपल्याच. मी नऊ वर्षांत असं ठिकाण पाहिलं नाही. पण परीक्षेत बरोबर उत्तर दिलं. परीक्षेत माणसाने रस्त्यावरचं खरं सांगू नये, एवढं मला समजत होतं. पास झाले.

महिन्याने गाडीची परीक्षा. तापीच्या पलीकडे मोठा ट्रॅक आहे, इंग्रजी आठाच्या आकड्याचा, कडेला खांब, खांबांवर कॅमेरे. आठाच्या आकड्यातून गाडी फिरवायची, रेघ ओलांडायची नाही, पाय खाली टेकवायचा नाही. टेकवला की मशीन लिहून घेतं. ट्रॅकपर्यंत गाडी सुनेने आणली, मी मागे बसले. माझ्यापुढे कॉलेजच्या मुली होत्या, काही जणी सारखं हेल्मेट काढ-घाल करत होत्या. मी त्यांना धीर दिला. हे मी मुद्दाम सांगते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला जास्त मजा येईल. एकीला मी म्हटलं, "घाबरू नको बेटा, बघ मी कशी चालवते ते."

तिने बघितलं.

गाडी सुरू केली आणि पहिल्यांदाच लक्षात आलं, की गाडी नुसती पुढे जात नाही, हलते. पुढे वजन नाही, तर हँडल असं वाटतं की कुणीतरी चिमटीत धरून हलवतंय. रिकामी गाडी म्हणजे जेवण न मिळालेल्या माणसासारखी, कुठेच टिकत नाही. तरी मी आठाचं एक पोट फिरवलं, दुसरं फिरवलं, बाहेर आले, आणि हेल्मेट काढून हसतमुखाने खिडकीशी गेले. खिडकीत एक तरुण मॅडम होत्या, चष्मा, वेणी, माझ्या मुलीच्या वयाच्या.

"फेल छे मासी."

"का?"

"पग नीचे."

मी म्हटलं, मॅडम, पाय मी टेकवलाच नाही. तुमचं मशीन बिघडलं. त्यांनी काही वाद घातला नाही. स्क्रीन माझ्याकडे वळवला. मी म्हटलं, ही कोण बाई? खरं सांगते, मी आधी ओळखलंच नाही. गुलाबी हेल्मेट दिसलं तेव्हा कळलं. समोरची सगळी जागा रिकामी, एवढी रिकामी की तिथे लेकरू झोपलं असतं, आणि ती बाई दोन्ही पाय बाहेर पसरून, चपलांची टोकं खाली घासत, मोठ्या रुबाबात चाललीय. पुढे अदृश्य पोटलं. पाय टेकवला म्हणजे काय, ते उचललेच नव्हते!

"मासी, पग अंदर राखो," मॅडम म्हणाल्या. "आठ दिवसांनी परत या."

घरी आले. मालक ओट्यावरच बसले होते, वाट बघत. "काय व्हयनं?" मी म्हटलं, हळू बोला. मग त्यांनी हळू विचारलं, आणि गल्लीच्या शेवटच्या घरातून उत्तर आलं, "काकू नापास झाल्या का?"

पुढचे आठ दिवस मी पायांना समजावलं. गाडी बंद करून बसायचे, पाय आत ठेवायचे, छान राहायचे. गाडी सुरू केली, की पाय बाहेर. जणू मोटर आणि पाय यांचं एकच बटण. नऊ वर्षं गाडी चालवताना आत पोटलं असायचं, तर आत ठेवणं म्हणजे साड्या तुडवणं, आणि साडीला चपलेचा डाग लागला तर शेठ ती साडी माझ्या गळ्यात घालणार. ही भीती पायांत शिरलेली. डोक्याला सांगून उपयोग नव्हता, भीती डोक्यात नव्हतीच.

मग मी विचार केला. मी विचार करायला बसले, की घरचे घाबरतात, आणि त्याला कारण आहे. मला सुचलं, गाडी रिकामी म्हणून हलते, आणि पाय रिकाम्या जागेला ओळखत नाहीत. मग गाडी रिकामी न्यायचीच कशाला? शेठच्या साड्या नेल्या नाहीत, तेवढी अक्कल होती. घरच्या दोन गोधड्या आणि एक जाडी सतरंजी बांधली, झकास पोटलं झालं, पुढे ठेवलं, आणि दुसऱ्या परीक्षेला गेले. ट्रॅकच्या दाराशी शिपाई होता. त्याने पोटलं पाहिलं, मला पाहिलं, परत पोटलं पाहिलं.

"मासी, यहाँ रहने आये हो क्या?"

मागे रांगेतली सगळी पोरं हसली. मी म्हटलं, साहेबांना बोलवा. साहेब म्हणजे त्याच चष्म्याच्या मॅडम. मी त्यांना समजावून सांगितलं, अगदी शांतपणे. मॅडम, लायसन्स मिळाल्यावर मी गाडी अशीच चालवणार आहे. रिकामी मी कधी चालवली नाही, पुढेही चालवणार नाही. मग जी गाडी मी चालवणारच नाही तिची परीक्षा घेऊन तुम्हाला काय मिळणार? माझी परीक्षा घ्यायची तर माझ्या गाडीची घ्या.

मॅडमने ऐकून घेतलं. खरंच घेतलं, त्यांना ते पटलंही असावं. मग म्हणाल्या, "मासी, लायसन्स तमारुं छे. पोटलानुं नथी."

मी पोटलं खाली उतरवलं.

गोधड्या भिंतीपाशी ठेवल्या आणि रिकाम्या गाडीने ट्रॅकवर गेले. आठाचं पहिलं पोट पाय आत ठेवून फिरवलं, शपथेवर सांगते. दुसऱ्या पोटाला वळण लहान आहे, तिथे गाडी जराशी कलली आणि डावा पाय बाहेर. लाल दिवा. त्या दिवशी परत येताना मात्र गोधड्या पुढे होत्या, गाडी हलत नव्हती, पाय मोकळे बाहेर. मी असं सुरेख चालवलं की मलाच माझी कीव आली.

आता एक तारखेला बारा दिवस उरले. परीक्षेची शेवटची तारीख मिळाली त्याआधी चार दिवस. ती गेली की पलसाण्याची बाई आणि तिचा टेम्पो.

सुनेने सांगितलं, "आई, तुम्ही रिकामी गाडी चालवायची सवय करा. दुसरा रस्ता नाही." हे सांगणं सोपं. गल्लीत रिकामी गाडी चालवणं म्हणजे काय ते तिला कुठे माहीत, ती सकाळी सातला बसमधे बसते. मी दुपारी मोपेड बाहेर काढली, पुढे काही नाही, मागे काही नाही, आणि गल्लीतून पुढे जाऊन परत आले. एवढंच. पण परत येताना दारादारांत बाया उभ्या. कुणी बोलेना. एकीच्या हातात गमाची बाटली तशीच. एरवी माझी गाडी वळली की "आक्का, मला हिरव्या द्या, आक्का, मला कालच्या जाड खड्याच्या नको," असा गिल्ला असतो. त्यांना वाटलं, मी मार्केटला जाऊन रिकामी परत आले. काम बंद झालं.

समोरच्या घरातली बाई, नांदेडकडची, तोंडाची धारदार. माझ्याशी तिचं आठवड्यातून दोनदा भांडण, एकदा मालावरून आणि एकदा सवय म्हणून. ती पुढे आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "संपलं का काकू?" तिचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मला तो अजिबात आवडला नाही.

मी म्हटलं, "अगं संपलं काय! शिकतेय मी. रिकामी गाडी शिकतेय."

"नऊ वर्षांनी?"

"हो, नऊ वर्षांनी! तुला येते का?"

मग मला सगळं सांगावं लागलं. पाय, कॅमेरा, गोधड्या. गोधड्यांपाशी त्या इतक्या हसल्या की एकीचं पोर रडायला लागलं. हसून झाल्यावर नांदेडवाली म्हणाली, "चला, बघू पाय कसा बाहेर येतो ते."

गल्लीच्या मागे मोकळी जागा आहे, लग्नाचा मांडव पडतो ती. सुनेने संध्याकाळी येऊन रांगोळीने मोठा आठ काढला. सुंदर काढला, कडेला दोन फुलंही काढली, हाताची सवय. मी गाडीवर बसले आणि बाया भोवती उभ्या राहिल्या, पदर खोचून, जशा नळाला पाणी आल्यावर उभ्या राहतात. माझा पाय बाहेर आला की सगळ्या एकदम ओरडायच्या:

"पाय!"

दहा-बारा तोंडं आणि एकच शब्द. पहिल्या दिवशी मी दचकून पडले. दुसऱ्या दिवशी पडले नाही, पण रांगोळीची फुलं दोन्ही पुसली. नांदेडवाली ओरडण्यात सर्वांत पुढे. एवढी वर्षं मला खुलेआम ओरडायला कारण शोधत होती, आता मीच तिला नेमलं होतं. "अवं काकू, पाय! पाय कुठं निघाला तुमचा, माहेरी का?"

मालक खुर्ची टाकून बसायचे आणि सूचना द्यायचे. ब्रेक, हँडल, नजर, सगळ्यावर. एका संध्याकाळी मी गाडी थांबवून म्हटलं, "तुम्हीच बसा आणि दाखवा." तर म्हणाले, मला दाखवायची गरज नाही, मला समजतं. मग जरा वेळाने आपणहूनच बोलायला लागले. लूमवर नवा माणूस आला, की दोन मशिनींच्या मधल्या पट्टीत त्याला उभं राहायला शिकवावं लागायचं. पाय चुकीच्या जागी पडला की हात चुकीच्या जागी जातो आणि मग बोट जातं. "मी खडूघाई दोन रेघा मारू. तठे पाय, बाकी कठेच नही. मग तो खाले देखे बी नही, पायले समजे." बत्तीस वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. घरी येऊन ते फक्त जेवण मागायचे.

मी म्हटलं, गाडीत पायाखाली रबराची मॅट आहे, तिच्यावर खडू टिकत नाही.

"ऱ्हाऊ दे मग," म्हणाले आणि खुर्ची उचलून घरात गेले. मी मनात म्हटलं, झालं शिकवून.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मी दोन घरी साड्या तपासायला गेले. परत आले तर मोपेड दारात, आणि पुढची जागा चमकतेय. वाकून पाहिलं. मॅटच्या पुढच्या कडेने मोठ्या काचेच्या खड्यांची जाड ओळ, दोन्ही बाजूंना वळवून आत घेतलेली, पावलाच्या आकाराची. डावं पाऊल, उजवं पाऊल. चप्पल ठेवली की टोक ओळीला अडतं, कड बाजूला टेकते, पाय सरकला की लगेच कळतं. खाली बघायची गरज नाही. खडे लावलेले वाकडेतिकडे, गम बाहेर ओघळलेला. असं काम कुठल्या बाईने केलं असतं तर मी परत पाठवलं असतं.

आत मालक भिंतीकडे तोंड करून बसले होते. उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली. हा तो माणूस, ज्याने तीस वर्षं मला ऐकवलं की खडे चिकटवणं हे बायांचं, बसून करायचं काम.

"काय झालं बोटांना?"

"कै नही."

मी खोबरेल तेल आणलं आणि बोटं सोडवली.  आभार मानले असते तर त्यांचं उत्तर सगळ्या गल्लीने ऐकलं असतं.

दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर तोच शिपाई. आज पोटलं नाही पाहून निराश झाला बिचारा. मॅडम गाडीचे कागद बघायला बाहेर आल्या, त्यांची नजर खाली गेली. उन्हात ते खडे असे चमकत होते की विचारू नका.

"आ शुं छे मासी? लगननी गाडी छे?"

मी म्हटलं, "नाही मॅडम. पायांची जागा आहे."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मॅटकडे. बोट लावून पाहिलं, पक्कं आहे का. मग म्हणाल्या, "जावो."

पहिलं पोट गेलं. रिकामी गाडी हललीच, तिचा स्वभाव तो, पण चपलांची टोकं ओळीला टेकलेली होती. दुसऱ्या पोटाचं ते लहान वळण आलं. गाडी कलली, आणि डावी टाच उचलली. मी उचलली नाही, तिने आपणहून. त्याच वेळी अंगठ्याला खडा लागला, आणि माझ्या कानात, देवाशपथ, सगळ्या बाया एकदम ओरडल्या. टाच खाली बसली. खाली म्हणजे आत, मॅटवर. मी बाहेर आले तेव्हा हिरवा दिवा लागलेला मला दिसलाच नाही. मी हँडलकडे बघत होते. मागचा एक पोरगा म्हणाला, "मासी, पास, पास! आता तरी उतरा."

खिडकीत मॅडमने कागदावर शिक्का मारला. मी विचारलं, "व्हिडिओ दाखवता का?" त्या हसल्या आणि स्क्रीन वळवला. गुलाबी हेल्मेट, पाय आत, पाठ ताठ, तोंड असं जसं कुणाच्या दहाव्याला चाललीय. मला ती बाई मागच्यापेक्षा कमी आवडली, पण तिला लायसन्स मिळालं होतं.

फोनमधे लायसन्स आलं ते एक तारखेच्या आदल्या दिवशी. एक तारखेला सकाळी मी गेटवर. वॉचमन परत तसाच उभा, ओळख नसल्यासारखा. मी सुनेने शिकवल्याप्रमाणे फोन उघडला, त्यात कार्ड, कार्डात माझा फोटो. त्याने बराच वेळ पाहिला.

"फोटोत ओळखू येत नाही मासी."

"तोंड चालत नाही ना आता? मग कार्ड बघ."

पास मिळाला. शेठने डोळे न उचलता विचारलं, "आवी गयुं?" मी म्हटलं, "आवी गयुं." तो आतून दोन पोटली घेऊन आला, नेहमीपेक्षा मोठी, कौतुक करायची शेठ लोकांची हीच पद्धत. एक मागे बांधलं. दुसरं पुढे ठेवायचं तर खाली ते खडे. जॉर्जेटची साडी खड्यात अडकली की धागा निघालाच. मी आधी जुना पुठ्ठा टाकला, त्यावर पोटलं ठेवलं. वजनाने पुठ्ठा दबला आणि खड्यांच्या ओळी त्यातून उमटल्या, दोन पावलं, डावं आणि उजवं. मग मी बसले आणि पाय कुठे ठेवले, हे सरकारने विचारू नये.

गल्लीच्या वळणावर आले तेव्हा दारादारांत बाया उभ्या होत्या. मला दुरूनच त्यांचे चेहरे दिसले, आणि त्यांना माझ्या पुढचं पोटलं दिसलं, माणसाएवढं.  मग नांदेडवालीची नजर खाली गेली, माझ्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या चपलांकडे. तिने छाती भरून हवा घेतली, आणि ओट्यावरच्या मालकांसकट सगळी गल्ली एकदम ओरडली:

"पाय!"

मी म्हटलं, "ओरडू नका, आधी साड्या उतरवा. आणि हिरव्या कुणालाच मिळणार नाहीत, आज सगळ्या जांभळ्या आहेत."